ॲकवर्थ साहेब आणि माटुंग्याचे बेघर

जानेवारी महिन्याचा अखेरचा रविवार जगभर कुष्ठरोग दिन म्हणून पाळला जातो. राऊल फोलेरो या फ्रेंच कॅथोलिक प्रापंचिकाने १९५४ साली ही प्रथा सुरू केली. आपल्या देशात गांधीजींच्या पुण्यतिथीला, म्हणजे ३० जानेवारीला, हा दिवस पाळतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका जानेवारीअखेरीस आमचे सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे जाणे झाले होते. बार्शी म्हटले की भगवंताचे मंदिर, धान्याची मोठी बाजारपेठ आणि अलीकडच्या काळात कर्करोगाचे रुग्णालय आठवते. आम्हाला मात्र ते गाव आठवते ते एका वयोवृद्ध गृहस्थामुळे.

ज्या घरी आम्ही उतरलो होतो त्याच्या शेजारी ते राहत असत. चहाचा पेला ते दोन्ही तळव्यांत धरून पीत होते, कारण त्यांच्या बोटांना धरण्याची ताकद नव्हती. बोलण्याच्या ओघात त्यांनी सांगितले की, तरुणपणी आपण काही वर्षे मुंबईला होतो. घरच्यांनी गावात सांगितले होते की मुलगा गिरणीत कामाला आहे. सोलापूर जिल्ह्यातून मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या माणसांची तेव्हा वाण नव्हती, त्यामुळे कोणी शंका घेतली नाही. प्रत्यक्षात ते वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात होते. तेथे डी.डी.एस.च्या गोळ्यांनी ते बरे झाले आणि परत आले. बोटे तेवढी पूर्ववत झाली नाहीत. त्या रुग्णालयाच्या कागदावर छापलेले ॲकवर्थ हे नाव त्यांनी जन्मभर लक्षात ठेवले होते. हे गृहस्थ कोण, कुणी धर्मगुरू होते की डॉक्टर, असे त्यांनी आम्हाला विचारले. आम्हाला त्या वेळी पूर्ण उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे उशिरा दिलेले ते उत्तर आहे.

हॅरी अर्बथनॉट ॲकवर्थ धर्मगुरू नव्हते आणि डॉक्टरही नव्हते. ते इंग्रज सरकारचे मुलकी अधिकारी होते. त्यांचा जन्म १८४९ सालचा. मुंबई इलाख्यात अनेक वर्षे नोकरी केल्यावर १८९० साली, वयाच्या चाळिशीत, ते मुंबईचे महापालिका आयुक्त झाले. मराठी साहित्याच्या अभ्यासकांना त्यांचे नाव निराळ्याच कारणासाठी परिचित आहे. त्याकडे आपण पुढे वळू.

त्या काळी मुंबईत कुष्ठरोग्यांची स्थिती काय होती हे आधी पाहिले पाहिजे. भायखळ्याच्या जमशेटजी जिजीभाई धर्मशाळेत काहींना आसरा मिळे. उरलेले रस्त्यावर असत. देवळांच्या पायऱ्या, मशिदींची दारे, चर्चची आवारे, बाजारांचे नाके येथे ते भीक मागत. त्यांतील बहुसंख्य मूळचे मुंबईचे नव्हतेच. घाटावरच्या आणि कोकणातल्या खेड्यांतून हाकलले गेलेले, किंवा घरच्यांवर कलंक नको म्हणून स्वतःच बाहेर पडलेले असे ते लोक होते. गावात पाण्याची आणि पंगतीची बंदी, मुलीबाळींच्या लग्नांत अडसर, मेल्यावर खांदा द्यायलाही कोणी नाही, ही ज्यांची अवस्था, त्यांना शहरातील अनोळखी गर्दी हाच एक आडोसा होता. आगगाडीने मुंबई जवळ आणली होती. बार्शीकरांसाठी बार्शी रोड हे स्टेशन, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, गेल्या शतकाच्या आधीच्या शतकातील साठीच्या सुमारासच मुख्य लोहमार्गावर आले होते. बार्शी गावापर्यंत छोटी गाडी धावू लागली ती १८९७ साली. आमच्या त्या वृद्ध स्नेह्यांनी जो प्रवास केला, तो त्यांच्याआधी कित्येकांनी केला असणार, आणि त्यांच्यासाठी घरी काय सांगितले गेले असेल याची कल्पना करणे अवघड नाही.

या रोगाची चिंता करणारी माणसे मुंबईत यापूर्वी नव्हती असे नाही. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी कडू कवठीच्या बियांच्या तेलाचा प्रयोग रुग्णांवर केला होता. हा उपाय त्यांनी बराच काळ गुप्त ठेवला. त्याबद्दल त्यांच्या हयातीतच टीका झाली, आणि १८७४ साली त्यांचे निधन झाले. दुसरे नाव हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांचे. शरीरशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या ज्या ग्रे यांच्या ग्रंथावर वाढल्या, त्यातील १८५८ सालची चित्रे या कार्टर यांनी काढलेली आहेत. पुढे ते हिंदुस्थानात आले, काही वर्षे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते, आणि कुष्ठरोगाचा ध्यास घेऊन १८७३ च्या सुमारास थेट नॉर्वेला जाऊन तेथील रुग्णालये पाहून आले. नॉर्वेतच आर्माउएर हान्सेन यांना त्या वर्षी या रोगाचे जंतू दिसले होते. हा रोग रक्तातून किंवा पूर्वकर्मातून येत नाही, तो जंतूंमुळे एकापासून दुसऱ्याला होतो, ही गोष्ट कार्टर यांनी येथे पोटतिडकीने मांडली आणि रुग्णांसाठी स्वतंत्र निवासस्थाने बांधावीत असा आग्रह धरला. सरकारने अहवाल छापले, आणि त्यापलीकडे फारसे काही केले नाही. १८८८ साली कार्टर मायदेशी परतले.

मग १८८९ साल उजाडले. त्या वर्षीच्या १५ एप्रिलला, पवित्र सप्ताहात, प्रशांत महासागरातील मोलोकाई बेटावर फादर डेमियन यांनी देह ठेवला. आपल्या वाचकांना त्यांची कथा सांगायला नको. १८७३ पासून सोळा वर्षे त्यांनी तेथील कुष्ठरुग्णांबरोबर काढली, त्यांची घरे बांधली, त्यांच्या शवपेट्या स्वतः ठोकल्या, आणि शेवटी त्याच रोगाने ते गेले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ साली त्यांना संतपद जाहीर केले. परंतु त्यांच्या मृत्यूचा एक परिणाम मुंबईपर्यंत पोचला, हे आपल्याकडे कमी लोकांना ठाऊक आहे. त्या वार्तेने इंग्लंड हादरले. युवराजांच्या अध्यक्षतेखाली कुष्ठरोग निधी उभा राहिला आणि त्या निधीतून हिंदुस्थानातील रोगाची पाहणी करण्यासाठी एक आयोग पाठवण्यात आला. १८९०-९१ मध्ये हा आयोग देशभर हिंडला.

येथे आम्हाला एक कबुली द्यावीशी वाटते. डेमियन यांच्या मृत्यूनंतर जे वारे सुटले, ते सगळेच करुणेचे नव्हते. त्यात भीतीचा भाग मोठा होता. निरोगी, धडधाकट युरोपियन धर्मगुरूला हा रोग झाला, म्हणजे तो कोणालाही होऊ शकतो, साम्राज्यातून तो लंडनपर्यंत येऊ शकतो, असा धसका लोकांनी घेतला. मुंबईतही वर्तमानपत्रांतून आणि सभांतून मागणी होऊ लागली ती प्रामुख्याने एकच: हे भिकारी रस्त्यावरून हलवा. ज्या माणसाने रुग्णांना जवळ केले त्याच्या मृत्यूने रुग्णांना दूर करण्याच्या मागणीला जोर यावा, ही इतिहासातील एक कडू गोष्ट आहे.

ॲकवर्थ आयुक्त झाले ते नेमक्या याच वेळी. मागणी त्यांच्या टेबलावर आली. हिंदुस्थान सरकारने कुष्ठरोग्यांविषयी एका विधेयकाचा मसुदा १८८९ मध्ये अभिप्रायासाठी फिरवला होता, पण सरकारी अभिप्राय फिरत राहतात हे तेव्हाही खरे होते. ॲकवर्थ यांनी त्याची वाट पाहिली नाही. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासारख्यांच्या परिश्रमातून घडलेला १८८८ चा मुंबई महापालिका कायदा त्यांच्या हाती होता. त्यात एक तरतूद अशी होती की, धोकादायक रोगाने पीडित असलेल्या आणि राहायला योग्य जागा नसलेल्या माणसाला आयुक्ताच्या आदेशाने रुग्णालयात हलवता येईल. पटकी-देवीच्या साथींसाठी लिहिलेले ते कलम ॲकवर्थ यांनी कुष्ठरोग्यांना लावले. माटुंग्याच्या संस्थेचे पहिले नाव होमलेस लेपर असायलम, म्हणजे बेघर महारोग्यांचा आश्रय, असे का पडले याचे उत्तर येथे आहे. ज्याला घर आहे त्याला हात लावण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नव्हता. श्रीमंत रुग्ण आपल्या बंगल्यात राहिला, गरीब उचलला गेला. पुढे १८९८ साली जो अखिल हिंदुस्थानचा लेपर्स ॲक्ट झाला त्यातही कात्री चालली ती कंगालांवरच.

पण केवळ हलवायचे म्हटले तर हलवायचे कोठे? ॲकवर्थ यांनी शहराच्या उत्तरेला, तेव्हाच्या ओसाड माटुंग्याला, जागा मुक्रर केली. एके काळी त्या भागात कंपनी सरकारच्या तोफखान्याची छावणी होती. ती उठून गेल्यावर भोवती खाजणे, भातखाचरे आणि माडांच्या राया एवढेच उरले होते. आज वडाळ्याला जाणाऱ्या वाचकाला ही गोष्ट खरी वाटणार नाही. नोव्हेंबर १८९० मध्ये, म्हणजे त्यांच्या नेमणुकीच्या वर्षातच, तेथे आश्रय सुरू झाला. सरकार, महापालिका आणि लोकवर्गणी अशा तिन्ही बाजूंनी पैसा जमवला गेला. काही वर्षांतच रहिवाशांची संख्या तीनशेच्या वर गेली.

येथपर्यंतची हकिगत ऐकली तर कोणीही म्हणेल की हा एक कोंडवाडा होता. आम्ही स्वतः प्रथम तसेच समजत होतो. परंतु ॲकवर्थ यांनी आत काय उभे केले हे पाहिल्यावर आमचे मत थोडे बदलले. आवारात हिंदूंसाठी देऊळ होते, मुसलमानांसाठी मशीद होती आणि कॅथोलिकांसाठी लहानसे प्रार्थनामंदिर होते. आपल्या धर्मबांधवांना यातील शेवटची गोष्ट जिव्हाळ्याची वाटेल हे उघड आहे. आमच्या दृष्टीने मात्र तिन्हींचे असणे महत्त्वाचे. कारण गावात या माणसांना नेमकी हीच दारे बंद झाली होती. ज्याला देवळाच्या पायरीवर बसून हात पसरता येत होता पण गाभाऱ्याकडे जाता येत नव्हते, त्याला येथे देवापर्यंत जाता येऊ लागले. इंग्रज प्रशासकाला हे सुचावे यात त्याची व्यवहारदृष्टीही असणार. ज्याला जावेसे वाटत नाही त्याला कोंडण्यासाठी भिंत उंच लागत नाही. ही दृष्टी आपण नाकारू नये आणि तिचे ओझेही तिच्यावर फार टाकू नये.

दुसरी गोष्ट कामाची. आवाराभोवती जमीन होती आणि जमिनीला खत हवे होते. आश्रयातील मैलापाणी वाहून नेऊन त्यावर शेती करण्याचा प्रयोग तेथे झाला आणि ज्यांचे हातपाय चालत होते असे रहिवासी त्या मळ्यात काम करू लागले. भीक मागणारा हात कुदळ धरू लागला, हे वाक्य लिहायला सोपे आहे. संवेदना गेलेल्या हाताला फोड आला तरी कळत नाही, जखम झाली तरी दुखत नाही, आणि म्हणूनच ती चिघळते, हे त्या काळी पुरते उमजलेले नव्हते. त्यामुळे त्या मळ्याचे कौतुक करताना आम्हाला थोडे थबकावेसे वाटते. तरी दिवसभर रिकामे बसून मरणाची वाट पाहण्यापेक्षा ते बरे होते.

या मैलापाण्याचीच एक विलक्षण शाखा पुढे फुटली. १८९७ साली, ॲकवर्थ निवृत्त होऊन गेल्यानंतर, तेथे मैला साठवून कुजवणारी बंद टाकी बांधण्यात आली आणि तिच्यातून निघणारा वायू नळीने आणून दिवे लावण्यात आले. पुढे त्यावर इंजीनही चालवून पाहिले गेले. कार्केट जेम्स या अभियंत्याने त्याची माहिती नोंदवून ठेवली आहे. आज खेडोपाडी गोबर गॅस ही ओळखीची गोष्ट आहे. आपल्या देशातील अशा वायुसंयंत्रांचा इतिहास सांगताना जाणकार माटुंग्याच्या या टाकीपासून आरंभ करतात. ज्या माणसांची सावली गावाला नको होती, त्यांच्या वस्तीत मुंबईतल्या कित्येक चाळींच्या आधी असा दिवा लागला.

ॲकवर्थ यांचे मराठीतील नाव ज्या कारणाने टिकले, ते कारण आता सांगायला हवे. आयुक्तपदाची सूत्रे हाती होती त्याच काळात, १८९१ साली, त्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या सहकार्याने ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हे त्याचे नाव. सुमारे साठ पोवाडे त्यांनी गोळा केले होते. अफजलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा, सिंहगडावरील तुळशीदासाचा, असे जे पोवाडे आज शाळेच्या पुस्तकांमुळे आपल्याला घरचे वाटतात, ते गोंधळ्यांच्या तोंडून कागदावर येण्यात या संग्रहाचा वाटा मोठा आहे. त्यांतील दहांचे त्यांनी स्वतः इंग्रजी पद्यात रूपांतर केले आणि १८९४ साली लंडनहून ते पुस्तक निघाले. पोवाड्यांचे नंतरचे संपादक त्यांच्या संग्रहातील चुका दाखवतात. पाठ काही ठिकाणी अशुद्ध आहेत, हे मान्य. पण ते काम कोणीतरी आधी करायला हवे होते आणि ते करणारा होता मुंबईच्या गटारांची आणि नळांची जबाबदारी वाहणारा साहेब.

आमच्या मनाला ही गोष्ट वारंवार चाटून जाते. गोंधळी हा दारोदार फिरणारा, संबळ वाजवून पोट भरणारा माणूस. महारोगी भिकारीही दारोदार फिरणारा. एकाचे गाणे या अधिकाऱ्याने कान देऊन ऐकले, लिहून घेतले, त्याचा अर्थ विचारला, जुळवला. दुसऱ्याला त्याने कायद्याच्या जोरावर रस्त्यावरून उचलले. दोन्ही एकाच हाताची कामे आहेत आणि एकाच वर्षा-दोन वर्षांतली आहेत. माटुंग्याला आणलेल्या माणसांतही कोणी गाणारे असतील, कोणाच्या तोंडी कुठला पोवाडा असेल. ते कोणी लिहून घेतले का, हा प्रश्न आमच्या मनात येतो. त्यांची बाजू त्यांच्या शब्दांत आपल्यापर्यंत आलेली नाही. जे काही आपण वाचतो ते आयुक्तांचे, डॉक्टरांचे आणि समित्यांचे लेखन आहे.

इकडे आयोगाचे म्हणणे काय झाले, तेही नमूद करणे अगत्याचे आहे, कारण त्याचा फटका ॲकवर्थ यांच्या मूळ कल्पनेलाच बसत होता. १८९३ साली अहवाल छापून आला. हा रोग संसर्गाने पसरत असला तरी तो फार सौम्य प्रमाणात पसरतो, सबब सर्व रुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्याचे कारण नाही, असा त्याचा आशय होता. लंडनच्या समितीतील अनेकांना तो निष्कर्ष पटला नाही. ॲकवर्थ यांचाही विलगीकरणावरचा विश्वास ढळला नाही. बेघर रुग्ण रस्त्यावरून गेल्यामुळे शहराचे हित झाले असे ते मानत राहिले. आजचे विज्ञान या बाबतीत आयोगाच्या बाजूला अधिक झुकते. शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक माणसांना या जंतूंविरुद्ध जन्मतःच पुरेशी प्रतिकारशक्ती असते आणि औषध सुरू झाले की रुग्णापासून इतरांना होणारा धोका लवकरच संपतो. म्हणजे ज्या कारणासाठी माटुंग्याचे दार लावले गेले ते कारण बरेचसे चुकीचे होते. दाराच्या आत जे घडले, त्याने मात्र पुढे पुष्कळ माणसे जगवली. या दोन वाक्यांपैकी एक खोडून दुसरे ठेवण्याचा मोह आम्हाला झाला नाही असे नाही, परंतु दोन्ही ठेवणे भाग आहे.

आयुक्त म्हणून त्यांच्या कारकिर्दीत इतरही कामे झाली. तानसा तलावाचे पाणी १८९२ मध्ये मुंबईला मिळाले, बोरीबंदरासमोरची महापालिकेची देखणी इमारत १८९३ मध्ये पुरी झाली. १८९५ साली ते निवृत्त होऊन इंग्लंडला गेले. पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेगने थैमान मांडले आणि संसर्ग, सक्ती, घरझडती हे शब्द घराघरांत पोचले. ती कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही.

निवृत्तीनंतरचे त्यांचे आयुष्य कॅथोलिक वाचकांना कुतूहलाचे वाटेल. माल्व्हर्न या टेकड्यांच्या गावी ते राहिले आणि तेथे त्यांचे शेजारी होते एडवर्ड एल्गार. हे कॅथोलिक संगीतकार तेव्हा फारसे प्रसिद्ध नव्हते. त्यांच्या ‘किंग ओलाफ’ या १८९६ सालच्या संगीतरचनेसाठी लाँगफेलोच्या काव्यात भर घालण्याचे काम ॲकवर्थ यांनी केले, आणि १८९८ च्या ‘कॅरॅक्टॅकस’ची तर संपूर्ण संहिता लिहिली. रोमन सैन्याशी लढलेला, पकडला गेलेला आणि साखळदंडांत बादशहापुढे उभा केलेला एक ब्रिटन राजा हा त्या कथेचा नायक. पोवाड्यांत रमलेल्या माणसाला हा विषय भावावा यात नवल नाही. संगीताचे जाणकार त्या संहितेला फारसे गुण देत नाहीत, हेही सांगून टाकतो. पुढे १९०० साली एल्गार यांनी कार्डिनल न्यूमन यांच्या काव्यावर ‘ड्रीम ऑफ जेरॉन्शियस’ रचले आणि ते अजरामर झाले. न्यूमन यांना २०१९ साली संतपद मिळाले. त्या वेळी एल्गारच्या या संगीताची आठवण अनेकांनी काढली. त्यांच्या आधीच्या शब्दकाराने मुंबईत कुष्ठरोग्यांसाठी घर बांधले होते, हे मात्र कोणाच्या लक्षात असण्याचे कारण नव्हते. १९३३ साली ॲकवर्थ वारले.

माटुंग्याच्या आश्रयाला त्यांचे नाव मिळाले ते कायमचे. बेघर हा शब्द गळाला, असायलम हा शब्द कालांतराने गळाला आणि रुग्णालय हा शब्द आला. शब्दांची ही पालट औषधामुळे शक्य झाली. कवठीच्या तेलाची वेदनादायक इंजेक्शने रुग्णांनी वर्षानुवर्षे सोसली होती. अमेरिकेतील कार्व्हिल येथे, जेथे धर्मभगिनी रुग्णांची शुश्रूषा करीत असत, १९४१ साली सल्फोन औषधाचा गुण दिसला आणि त्याच घराण्यातील डॅप्सोन, म्हणजे आमच्या बार्शीच्या स्नेह्यांच्या डी.डी.एस.च्या गोळ्या, पुढील दशकांत खेड्यापाड्यांत पोचल्या. नंतर एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ नंतर अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सांगितली. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेऊन माणूस बरा होऊ लागला, आणि रुग्णालयात वर्षानुवर्षे राहण्याची गरजच संपली. डिसेंबर २००५ मध्ये आपल्या देशाने दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर केले. नवे रुग्ण त्यानंतरही दरवर्षी सापडतात, महाराष्ट्रातही सापडतात.

वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय आज महापालिकेच्या अखत्यारीत आहे. आवारात कुष्ठरोगाच्या इतिहासाचे छोटे संग्रहालयही आहे. मुंबईला जाणाऱ्या वाचकांनी ते जरूर पाहावे. भोवतालचे शहर मात्र आता भिंतीला येऊन टेकले आहे. दूर म्हणून निवडलेली ती जागा आता मुंबईच्या मध्यावर आहे.

१८९८ चा लेपर्स ॲक्ट संसदेने रद्द केला तो २०१६ साली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून विवाहविषयक कायद्यांत होते, ते २०१९ साली काढून टाकण्यात आले. म्हणजे रोग बरा होऊ लागल्यानंतर कायद्याला ते कळायला पाऊणशे वर्षे लागली.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा बार्शीला गेलो तेव्हा या सगळ्या गोष्टी त्या वृद्ध गृहस्थांना सांगितल्या. साहेबाने पोवाडे गोळा केले होते हे ऐकून ते हसले. साहेबाला मराठी येत होते का, एवढेच त्यांनी दोनदा विचारले. आम्ही पुण्याहून त्या संग्रहाची एक जुनी प्रत नेली होती. पाने उलटणे त्यांना जमेना, तेव्हा नातीने अफजलखानाचा पोवाडा मोठ्याने वाचायला घेतला आणि मधल्या काही ओळी त्यांनी तिच्या आधीच म्हणून दाखवल्या. निघताना त्यांनी आम्हाला सांगितले की लिहायचे ते अवश्य लिहा, पण आपले नाव आणि आडनाव छापू नका. नातीचे लग्न अजून व्हायचे आहे.